गोकाकचे ग्राहक खरोखर समाधानी आहेत का? समाजमाध्यमांवरील प्रतिक्रिया मोजण्यापूर्वी

आपला प्रश्न मी समजलो तो असा. आपल्या घरच्या डेअरीचा माल, म्हणजे पिशवीबंद दूध, दही, तूप आणि कुंदा, बेळगाव शहराबरोबरच खानापूर, निपाणी, गोकाक आणि बैलहोंगल येथे जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गूगलवर ग्राहक जे लिहितात त्याचा कल मोजून देणाऱ्या एका कंपनीची सेवा आपण वर्षभर घेत आहात. तिच्या डॅशबोर्डवर खानापूर आणि निपाणी सतत लाल, म्हणजे नाराज, दिसतात, तर गोकाक आणि बैलहोंगल हिरवे, म्हणजे समाधानी. प्रत्यक्षात मात्र रिटर्न, म्हणजे परत येणाऱ्या, पिशव्या वाढल्या आहेत त्या गोकाकच्या लाइनवर, म्हणजे तिकडच्या वाटपाच्या मार्गावर. आता तीच कंपनी ‘बिग डेटा’चे, म्हणजे प्रचंड प्रमाणातली माहिती हाताळण्याचे, महागडे पॅकेज सुचवत आहे आणि ते घ्यावे की नाही, हे आपल्याला ठरवायचे आहे.

तूर्त घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी बेळगावात राहून बारा-तेरा वर्षे ग्राहकांच्या प्रतिक्रिया मोजण्याचेच काम करत आलो आहे आणि आपण वर्णन केलेला डॅशबोर्ड मी वेगवेगळ्या व्यवसायांत पुन्हा पुन्हा पाहिला आहे. माझा अंदाज असा आहे की आपल्या पडद्यावरचे रंग ग्राहकांचा राग-लोभ दाखवत नसून यंत्राला, म्हणजे प्रतिक्रिया वाचणाऱ्या कंपनीच्या संगणक प्रणालीला, कोणत्या तालुक्याची भाषा कळते एवढेच दाखवत आहेत. निपाणी-खानापूरचा ग्राहक मराठीत तक्रार करतो, ती यंत्राला बऱ्यापैकी कळते. गोकाक-बैलहोंगलचा ग्राहक कन्नडमध्ये, तेही रोमन लिपीत, तक्रार करतो आणि ती यंत्राच्या डोक्यावरून जाते. जे कळत नाही ते यंत्र ‘तटस्थ’ या कप्प्यात टाकते.

मग गोकाक राखाडी न दिसता हिरवे का दिसते? माणूस खूश असला की थोडक्यात लिहितो: ‘सुपर’, ‘मस्त’, अंगठा, बदाम. हे शब्द आणि चिन्हे कोणत्याही यंत्राला कळतात. नाराज झाला की मात्र तो सविस्तर लिहितो आणि घरी बोलतो त्याच बोलीत लिहितो. त्यामुळे गोकाककरांची स्तुती मोजली जाते आणि तक्रार गळून पडते. सीमाभागात काम करताना मला ही सर्वांत घातक चूक वाटते, कारण तिच्यामुळे मालक चुकीच्या तालुक्यात पैसे ओततो आणि ज्या तालुक्यातला ग्राहक सोडून चालला आहे तिकडे निर्धास्त राहतो.

ही गफलत कशी होते, ते दोन-तीन वाक्यांवरूनच स्पष्ट होईल. उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्ये दुधाला ‘हालु’ म्हणतात आणि खराब होण्याला ‘हाळु’. ‘हालु हाळागैति’ म्हणजे दूध खराब झाले आहे. रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर असल्यामुळे दोन्ही शब्द सारखेच दिसतात आणि मराठीवर तयार झालेल्या यंत्राला तो आपला ‘हळू’ वाटतो. दुसरे वाक्य आहे ‘बरी नीरु’. कन्नडमध्ये याचा अर्थ ‘नुसते पाणी’. दूधवाल्याला याहून मोठी शिवी नाही. आपले यंत्र मात्र त्यातला ‘बरी’ हा शब्द उचलते आणि तब्येत बरी, चव बरी अशा अर्थाने त्याला अर्धा गुण देऊन मोकळे होते. ‘छलो’ म्हणजे चांगले; हिंदीवर शिकलेले यंत्र त्याला ‘चलो’ समजते, म्हणून ‘छलो इल्ल’, म्हणजे चांगले नाही, हेही हातातून निसटते.

मराठीच्या बाजूलाही सगळे आलबेल नाही. निपाणी, चिकोडी या भागाची बोली कोल्हापूरला लागून आहे. ‘नाद खुळा’, ‘खतरनाक कुंदा’, ‘विषय हार्ड’ ही मनापासून केलेली स्तुती असते, पण शब्दकोशाच्या आधारे चालणारे यंत्र ‘खुळा’ आणि ‘खतरनाक’ पाहून लाल खूण करते. आपल्याकडचे निपाणी जितके लाल दिसते तितके ते बहुधा नसावे. याउलट ‘दुधावर साय धरंना झालीय’ या वाक्यात ‘नाही’ हा शब्दच नाही, नकार क्रियापदाच्या पोटात बसला आहे, आणि ‘नाही’, ‘नको’, ‘नव्हते’ एवढेच शोधणारे यंत्र तो पाहू शकत नाही. उपरोध तर त्याहून अवघड. ‘वा, आजपण दूध अगदी वेळेवर, नऊ वाजता’ हे वाक्य यंत्राला गोड वाटते. ज्याच्या घरी सकाळी सहाला चहा लागतो त्याला ते काय आहे ते लगेच कळते.

‘बिग डेटा’ या शब्दाविषयीही थोडे बोलले पाहिजे. २००१ साली डग लेनी या विश्लेषकांनी या विषयाची तीन अंगे मांडली होती: आकार, वेग आणि विविधता. आपल्या डेअरीकडे महिन्याला काही हजार प्रतिक्रिया येत असतील, तर आकार आणि वेग यांचा प्रश्नच उद्भवत नाही. तेवढा मजकूर साध्या एक्सेलमध्ये आणि साध्या लॅपटॉपवर मावतो. आपली अडचण तिसऱ्या अंगाची आहे. एकाच पोस्टखाली मराठी, कन्नड, हिंदी, दख्खनी आणि इंग्रजी, दोन-तीन लिप्यांमध्ये आणि पुष्कळदा एकाच वाक्यात मिसळलेली असतात. मोठे पॅकेज आकारावर उपाय देते. विविधतेवर उपाय म्हणजे दोन्ही भाषा जाणणारी माणसे आणि त्यांनी तयार केलेली नमुन्यांची वही.

हे मी पुस्तकी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी याच पट्ट्यातल्या एका खाद्यपदार्थ उत्पादकासाठी काम करताना डॅशबोर्डवर सारे हिरवे होते आणि विक्री घसरत होती. मी ‘तटस्थ’ कप्प्यातल्या प्रतिक्रिया छापून घेतल्या आणि माझ्या एका सहकारी बाईंपुढे ठेवल्या. त्यांची मातृभाषा कन्नड, शिक्षण मराठी शाळेत. त्यांनी पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानावरच्या वीस ओळींपैकी अकरा ओळींपुढे फुल्या मारल्या. अकराच्या अकरा तक्रारी होत्या, त्यांतल्या बहुतेक माल आंबल्याच्या. मग आम्ही त्या तक्रारींच्या वेळा लावून पाहिल्या, तेव्हा त्या सकाळी नऊ ते अकरा या वेळेतल्या आणि एकाच लाइनवरच्या गावांतल्या निघाल्या. मालक शीतगृहावर मोठा खर्च करण्याच्या तयारीत होते. लाइनवर जाऊन चौकशी केल्यावर कळले की टेंपो पहाटे पाचला क्रेट उतरवून जातो आणि शेवटच्या गावचा एजंट साडेआठला ते उचलतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात साडेतीन तास माल उघड्यावर पडून राहत होता. टेंपोची वेळ बदलली आणि शीतगृहाचा खर्च वाचला. ती माहिती डॅशबोर्डमध्ये पहिल्या दिवसापासून होती, फक्त चुकीच्या कप्प्यात होती.

आता आपण काय करावे ते सांगतो. गेल्या तीन महिन्यांतल्या सर्व प्रतिक्रिया एकत्र करा: आपल्या पानांवरच्या टिप्पण्या, गूगलवरचे अभिप्राय आणि आपल्या दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर ग्राहकांनी स्वतःहून पाठवलेले निरोप. त्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा, कोणतीही निवड न करता, ४०० प्रतिक्रिया काढा. हा आकडा मी नेहमी सुचवतो, कारण अशा यादृच्छिक नमुन्यावरून काढलेली टक्केवारी साधारण पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकते आणि निर्णयासाठी तेवढा नेमकेपणा पुरतो. शंभरच घेतल्या तर हा फरक दहापर्यंत जातो. हजार घेतल्या तर तीनवर येतो, पण वाचणाऱ्याचा जीव जातो. गोकाक आणि निपाणी यांची तुलना करायची असेल तर मात्र दोन्हींकडून पुरेसा मजकूर आला पाहिजे, त्यामुळे तालुकावार वेगळा नमुना काढणे अधिक बरे.

या ४०० प्रतिक्रिया दोन जणांनी स्वतंत्रपणे, एकमेकांना न विचारता वाचाव्यात. दोघांनाही मराठी आणि कन्नड घरच्यासारख्या आल्या पाहिजेत. बेळगावात अशी माणसे शोधावी लागत नाहीत, हे आपले भाग्य आहे. प्रत्येक प्रतिक्रियेपुढे केवळ चांगली किंवा वाईट एवढेच लिहू नये, तर ती कशाविषयी आहे तेही लिहावे: चव, दूध नासणे, पिशवी गळणे, वेळ, दर, एजंटाची वागणूक. ‘दही एक नंबर, पण पिशवी रोज फुटलेली’ या एका वाक्याची सरासरी काढली तर शून्य येते आणि शून्यावरून काहीच करता येत नाही. दोन नोंदी केल्या तर पॅकिंग करणाऱ्याला काम मिळते आणि विरजण लावणाऱ्याला शाबासकी. शब्दाचा अर्थ वस्तूनुसार बदलतो, हेही याच टप्प्यावर ध्यानात येते. घट्ट दही ही स्तुती आहे, पातळ दूध ही तक्रार, आणि ‘आंबट’ हा शब्द ताकाबद्दल आला तर त्यात काहीच वावगे नाही.

दोघांच्या नोंदी किती जुळल्या ते तपासा. निव्वळ योगायोगाने होणारे एकमत वजा करून जुळणी मोजण्याची ‘कॅपा’ (kappa) नावाची एक पद्धत आहे. जेकब कोहेन यांनी ती १९६० मध्ये मांडली आणि आजही तीच सर्रास वापरली जाते. पूर्ण एकमत असेल तर तिचे उत्तर १ येते. ही जुळणी ०.७ च्या खाली असेल तर मी पुढे जात नाही. जिथे दोन जाणत्या माणसांचेच जमत नाही तिथे यंत्राकडून अपेक्षा ठेवणे व्यर्थ असते. अशा वेळी दोघांना एकत्र बसवून मतभेदाच्या ओळींवर चर्चा घडवावी आणि नियम लिहून काढावेत. सगळे मिळून तीन-चार दिवसांचे काम आहे.

यंत्राची पाळी त्यानंतर येते. गूगलच्या भारतीय भाषांसाठीच्या ‘म्युरिल’ या मॉडेलमध्ये, म्हणजे मजकूर वाचून भाषा शिकलेल्या यंत्रामध्ये, १७ भाषा आहेत, त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही येतात, आणि रोमन लिपीत लिहिलेला मजकूरही त्याच्या शिकवणीत होता, म्हणून आपल्या भागासाठी मी सहसा तिथून सुरुवात करतो. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या संशोधक गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीटांवर भावनेच्या खुणा करून ‘महासेंट’ हा संच खुला केला, आणि २०२३ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली, तिच्यात चित्रपट समीक्षा आणि मालिकांची उपशीर्षकेही आहेत. कन्नडसाठी यूट्यूबवरच्या कन्नड-इंग्रजी मिश्र टिप्पण्यांचा संच २०२० पासून उपलब्ध आहे. ही सर्व कामे मोलाची आहेत आणि त्यांचा उपयोग जरूर करावा. पण राजकीय ट्वीट किंवा मालिकेतला संवाद वाचून शिकलेल्या मॉडेलला साय, विरजण आणि पिशवी यांची ओळख नसते. मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात मिसळणाऱ्या ग्राहकांचा संच मला प्रत्येक कामात नव्यानेच तयार करावा लागला आहे. आपल्या ४०० प्रतिक्रियांची वही हाच तो संच. तिच्यातला काही भाग मॉडेलला शिकवायला द्या आणि उरलेला परीक्षेसाठी झाकून ठेवा. चॅटजीपीटीसारख्या सेवा वापरायच्या असतील तरी परीक्षा हीच घ्यावी, आणि मजकूर पाठवण्यापूर्वी त्यातली नावे, फोन नंबर आणि पत्ते पुसून टाकावेत.

परीक्षेचे गुण मोजताना एक सावधगिरी हवी. शंभरांतल्या आठच प्रतिक्रिया तक्रारीच्या असतील, तर डोळे मिटून सगळ्यांना ‘चांगली’ म्हणणारे यंत्रही ९२ टक्के अचूक ठरते. म्हणून ‘आमची अचूकता ९२ टक्के’ हे वाक्य ऐकून मी काहीच ठरवत नाही. मी दोन वेगळे प्रश्न विचारतो: मराठीत आलेल्या खऱ्या तक्रारींपैकी किती पकडल्या, आणि कन्नडमध्ये आलेल्या खऱ्या तक्रारींपैकी किती? या दोन आकड्यांत मोठी तफावत असेल, तर तालुक्यांची तुलना करणारा कोणताही नकाशा त्या यंत्राकडून घेऊ नये, मग बाकी सर्व आकडे कितीही चांगले असोत.

आता सीमाभागाच्या एका वेगळ्या गोष्टीविषयी. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास, एखाद्या आंदोलनाच्या आठवड्यात, किंवा दुकानांच्या फलकांचा वाद पेटला की व्यावसायिकांच्या पानांवर टिप्पण्यांचा पूर येतो. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर फलकावर ६० टक्के कन्नड असणे बंधनकारक झाले, त्या काळात माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराचा आलेख दोन दिवसांत लालभडक झाला होता. त्या टिप्पण्या वाचल्यावर दिसले की लिहिणाऱ्यांपैकी फारच थोडे जण त्याचे ग्राहक होते. काही तर कधी बेळगावला आलेही नसावेत. असा मजकूर मी ‘भाषाविषयक’ अशी वेगळी खूण करून मालाच्या हिशेबातून बाजूला काढतो, नाहीतर दह्याच्या चवीचा आलेख नोव्हेंबरमध्ये दरवर्षी कोसळलेला दिसेल.

बाजूला काढणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे, हे मी आवर्जून सांगतो. खानापूरची एखादी आजी जर लिहून कळवत असेल की पिशवीवर मराठीत एक अक्षर नाही, तारीख कुठे पाहायची कळत नाही, तर ती भाषेची घोषणा नसून ग्राहकाची खरी अडचण आहे. तसेच गोकाकच्या ग्राहकाने कन्नडमध्ये विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर गेले आणि तो चिडला, तर तीही सेवेतलीच चूक. दोन्ही बाजूंच्या अशा ओळी नीट वेगळ्या करणे आज तरी माणसालाच जमते. ज्या भाषेत विचारले त्याच भाषेत उत्तर द्यावे, एवढा एक नियम आपण उद्यापासून पाळलात तरी दोन्हीकडची कटुता कमी होईल, असा माझा अनुभव आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. आठवड्याला एखाद्या गावातून दहा-बाराच प्रतिक्रिया येत असतील, तर एकाच्या तीन तक्रारी झाल्या म्हणून ‘तिप्पट वाढ’ असा आलेख काढण्यात अर्थ नाही. तिथे प्रत्येक ओळ वाचून फोन करणे सोपे आणि स्वस्त. उन्हाळ्यात दूध नासण्याच्या तक्रारी दरवर्षीच वाढतात, तेव्हा एप्रिलची तुलना जानेवारीशी न करता मागच्या एप्रिलशी करावी. आपल्या रतीबाच्या ग्राहकांपैकी किती जण समाजमाध्यमांवर आहेत, हा तर मूळ प्रश्न आहे. वीस वर्षे एकच दूध घेणारी बाई फेसबुकवर काही लिहीत नाही. ती दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्याचे दूध घेते. म्हणून ऑनलाइन प्रतिक्रियांशेजारी लाइननिहाय रिटर्न पिशव्या, बंद झालेले रतीब आणि एजंटांच्या तक्रारवहीतील नोंदी आठवड्याला एकदा मांडल्याच पाहिजेत. गोकाकचा घोटाळा आपल्याला लक्षात आला तो रिटर्न पिशव्यांमुळेच.

कंपनी जर ‘आम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे बोलणेही मोजू’ असे सांगत असेल तर सावध व्हा. ते बोलणे खासगी आणि कूटबद्ध असते. ग्रुपमध्ये माणूस घुसवून ते मिळवणे मला अजिबात मान्य नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर असा धोका कोणत्याही व्यावसायिकाने पत्करू नये. ‘एक्स’वरची (पूर्वीच्या ट्विटरवरची) माहिती यंत्राने उचलण्याची सोय २०२३ पासून मुख्यतः पैसे मोजूनच मिळते, आणि बेळगाव-गोकाकचा दुधाचा ग्राहक तिथे फारसा नसतो, त्यामुळे पॅकेजमधल्या त्या भागाचे पैसे आपण सरळ वाचवू शकता.

कंपनीशी पुढची बैठक ठरवण्यापूर्वी तिच्याकडून गोकाक आणि बैलहोंगलच्या ‘तटस्थ’ ठरवलेल्या मागच्या महिन्याच्या सर्व प्रतिक्रिया मूळ शब्दांत मागवून घ्या. त्या द्यायला कंपनीने टाळाटाळ केली, तर करार वाढवण्याचा विचारच सोडून द्या. दिल्या, तर गोकाकच्या लाइनवरच्या आपल्या एखाद्या एजंटाला डेअरीवर बोलवा, त्याच्यापुढे चहा ठेवा आणि त्या ओळी त्याला मोठ्याने वाचायला सांगा. कोणत्या गावात, कोणत्या वेळी, कोणाच्या घरी काय झाले होते, हे तो ओळीगणिक सांगत जाईल. ते सारे लिहून घ्या, कारण आपल्या ४०० च्या वहीची पहिली पाने तीच असतील.